एस्टीम १.३ ला टर्बो: क्लच कुठला घालावा आणि पेट्रोलचं गणित कसं बसवावं?

निपाणी_१३००

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर सल्ला हवा आहे.

गाडी २००३ ची मारुती एस्टीम, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन, जी१३बीबी, १२९८ सीसी. इंजिन आतून कंपनीचंच आहे. पिस्टन, रॉड, हेड काही बदललेलं नाही आणि बदलायचंही नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतंय. टर्बो स्विफ्ट डिझेलचा, केपी३५, जुन्या बाजारातला, शाफ्टला खेळ नाही. मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर बसवून झालाय. ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पीडुइनो, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा; त्याला २५० केपीएचा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा (१०० केपीए म्हणजे एक बार). बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा जादा दाब, अर्धा बार, त्याच्या पुढे जायचं नाही.

वापर म्हणजे ऑटोक्रॉस (मैदानावरची वेळेची शर्यत) आणि रविवारी आंबोली नाहीतर चोर्ला घाट. रोजची गाडी नाही, पण बेळगावच्या शनिवार खुटाच्या गर्दीत अर्धा तास अडकली तरी पाय आखडू नये एवढी अपेक्षा आहे.

प्रश्न असे. मूळ क्लच ठेवून चालेल का? ऑनलाइन सहा पकवाली (अख्ख्या रिंगऐवजी धातूचे सहा तुकडे असलेली) प्लेट मिळते, ती घ्यावी का? की १.६ बलेनोचा क्लच बसवावा? पेट्रोलच्या बाजूला मिनिटाला ५५० सीसी देणारे वापरलेले इंजेक्टर आणि ताशी २५५ लिटरचा पंप स्वस्तात मिळतोय. एक मेकॅनिक म्हणतात इंजेक्टर मूळचेच ठेवा, बूस्टबरोबर दाब चढवणारा रेग्युलेटर लावा, काम होतं. आणि आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचा हिशोब कसा धरायचा?

उद्यमबाग_टर्नर

क्लचचं मी सांगतो, पेट्रोलचं दुसरं कोणी सांगेल.

आधी एक गोष्ट पक्की धरा: क्लच ठरतो टॉर्कवर, पेट्रोल ठरतं बीएचपीवर. "गाडी १२० बीएचपीची करतोय, क्लच सांगा" असं विचारलं की उत्तर चुकतं. तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११० एनएमच्या (न्यूटन-मीटरच्या) आसपास. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ केपीए, त्यावर अर्धा बार चढला की १५१. सरळ प्रमाणात ११० चे १६४ होतात. तापलेली हवा आणि मागे घेतलेलं इग्निशन (उशिरा पाडलेली ठिणगी) यात थोडं जातं. हाती १५५ ते १६० धरा.

आता टर्बो बघा. केपी३५ छोटा आहे, तीन हजार आरपीएमच्या आतच भरतो. म्हणजे पूर्ण टॉर्क खालीच येणार, तोही झटक्यात. क्लच घसरतो तो इथे, चौथ्या-पाचव्या गिअरला, चढावर, तीन हजारांवर. साडेपाच हजारांवर बीएचपी जास्त असते पण टॉर्क उतरलेला असतो, तिथे क्लचला त्रास नसतो. त्यामुळे छोटा टर्बो लावणाऱ्याने क्लचमध्ये हात आखडू नये. १६० वर तीस टक्के राखीव ठेवा, म्हणजे २०८ एनएम.

कंपनीचा क्लच साधारणपणे इंजिनाच्या दीडपट टॉर्क पेलेल असा असतो. ११० ला १६५. नवा कोरा असताना तो तुमचा अर्धा बार सहन करेल, गरम झाला की नाही. चोर्ल्याच्या चढाला दोन वेळा घसरला की प्लेट चकाकते, आणि चकाकलेली प्लेट मग रोजच घसरते. तेव्हा मूळ क्लच इंजिन सुरू करून ट्यूनिंगपुरता ठेवा हवं तर, कायमचा नको.

ताकद वाढवायचे रस्ते तीनच आहेत: घर्षण वाढवा, दाब वाढवा, नाहीतर व्यास वाढवा. उदाहरण म्हणून प्लेटचा बाहेरचा व्यास १९० आणि आतला १३२ मिमी धरा. सरासरी त्रिज्या ८०.५ मिमी. साध्या ऑरगॅनिक फेसिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) घर्षणांक ०.२८ धरला, दोन तोंडं, तर २०८ एनएमसाठी प्रेशर प्लेटचा दाब सुमारे ४६०० न्यूटन लागतो. १६५ एनएमला तोच ३६५० च्या घरात येतो. म्हणजे दाब सव्वापट. तेवढं पुरे आहे. ऑरगॅनिक फेसिंग, स्प्रिंगवालं हब आणि सव्वापट ते दीडपट दाबाचं कव्हर (प्रेशर प्लेट आणि तिची स्प्रिंग ज्यात असते ते), हे माझं उत्तर. दुप्पट दाबाचं कव्हर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

कारण दाबाची किंमत मोजायला लागते. एस्टीमचा क्लच केबलवर आहे. पेडल जड झालं की केबलचं बाहेरचं आवरण दबतं, फायरवॉलचा पत्रा आत-बाहेर होतो, फोर्कच्या शाफ्टचा बुश झिजतो. तुम्ही पेडल पूर्ण दाबता पण प्लेट पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खरखर येते, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. नवी केबल आणि नवे बुश क्लचच्याच खर्चात धरा. पेडलला वर साधारण २० मिमी मोकळी चाल राहू द्या, नाहीतर रिलीज बेअरिंग कायम टेकून फिरतं.

दुसरी किंमत क्रँकला. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग सगळा जोर क्रँकवर पुढच्या बाजूला टाकतं, आणि तो जोर थ्रस्ट वॉशर झेलतो. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे खेळ मोजा. ०.११ ते ०.३१ मिमीत असेल तर ठीक, ०.३८ च्या वर गेला तर वॉशर बदलल्याशिवाय जड कव्हर घालूच नका. सिग्नलला पेडल दाबून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा, न्यूट्रल करा.

आता फ्लायव्हील. इथे आपल्या भागात लेथ, ग्राइंडर, फौंड्री सगळं हाताशी आहे, म्हणून लोक वाटेल ते करून घेतात. तोंड लेथवर कापण्यापेक्षा सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या, ०.३ ते ०.४ मिमीच्या वर जाऊ नका. आणि हे नीट वाचा: फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्लेट टेकते ते तोंड आणि कव्हर बसतं ते तोंड वेगवेगळ्या पातळीवर असेल, तर दोन्हीकडून सारखंच घासायचं. फक्त प्लेटचं तोंड ०.४ ने खाली गेलं तर प्लेट तेवढी आत बसते, डायफ्राम (कव्हरमधली स्प्रिंग) कमी दाबला जातो आणि नव्या क्लचचा दाब पहिल्या दिवसापासून कमी. असा क्लच दोन महिन्यांत घसरायला लागतो आणि बोल लागतो दुकानदाराला. घासायच्या आधी पायरी डेप्थ मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहा, नंतर परत मोजा.

बसवल्यावर तोंडाचा रनआउट (फिरताना होणारा डोल) ०.२ मिमीच्या आत हवा. वजन कमी करायला बिडाचं फ्लायव्हील खरवडून घेऊ नका. बीड सहा हजारांवर फुटलं तर तुकडा बेल हाउसिंग फाडून पाय गाठतो.

बलेनोचा क्लच "बसतो" एवढ्या शब्दावर विकत घेऊ नका. जुनी प्लेट हातात घेऊन दुकानात जा. स्प्लाइनचे (मधल्या भोकातले) दात मोजा, इनपुट शाफ्टवर सरकवून बघा, हबची जाडी आणि उंच बाजू कुठे येते बघा, कव्हरचे बोल्ट आणि डॉवेल फ्लायव्हीलवर ठेवून बघा, आणि डायफ्रामच्या बोटांची उंची दोन्ही कव्हरची मोजा. उंची वेगळी असली तर रिलीज बेअरिंगची जागा बदलते, मग केबलचा नट कितीही फिरवा, चाल जुळत नाही. या पाचातलं एक जरी अडलं तर तो क्लच आपला नाही.

क्रँकचा मागचा ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील नवीन घालाच. टर्बोने क्रँककेसमधला दाब वाढतो, जुना सील पाझरतो, आणि प्लेटवर तेलाचे चार थेंब आले की तुमचे २०८ एनएम कागदावरच राहतात.

तवंदी_वळण

टर्नर दादांचं सगळं मान्य, पण ऑटोक्रॉस करणार असतील तर सहा पकवाली प्लेट सरसकट बाद करू नये. सिंटर्ड पकचा घर्षणांक ०.४ च्या आसपास येतो. मूळच्याच दाबावर, मूळच्याच हलक्या पेडलवर २०० च्या वर एनएम मिळतात. केबल, फोर्क, थ्रस्ट वॉशर यांच्यावर जादा भार नाही. गरम झाली तरी पकड सोडत नाही, उलट ऑरगॅनिक तापली की वास मारते आणि त्या फेरीपुरती संपते.

तोटा खरा आहे: अर्ध्या क्लचवर गाडी थडथडते आणि फ्लायव्हील लवकर झिजतं. पण स्प्रिंगवालं हब घेतलं तर थडथड बरीच कमी होते. बिनस्प्रिंगचं हब मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

उद्यमबाग_टर्नर

तवंदी, तुमचं गणित बरोबर आहे आणि फक्त मैदानावरची गाडी असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण त्यांनी शनिवार खूट लिहिलंय. पक प्लेट एकतर धरते नाहीतर सोडते, मधलं काही नाही. गर्दीत सरकत जायला तेच मधलं लागतं. दुसरं, ती पकड झटक्यात घेते तो झटका गिअरबॉक्स आणि सीव्ही जॉइंटला (चाकाकडच्या शाफ्टच्या सांध्याला) जातो, आणि हा गिअरबॉक्स ११० एनएमच्या गाडीचा आहे. क्लच थोडा घसरला तर प्लेट जाते, न घसरला तर गिअरचे दात जातात. प्लेट स्वस्त.

इंजेक्टर_बेंच

पेट्रोलचं मी घेतो. तीन सल्ले आलेत, तिन्ही आकड्यांवर तपासू.

टर्बो इंजिनाला ताकदीच्या वेळी दर बीएचपीमागे मिनिटाला सुमारे ६.१ सीसी पेट्रोल लागतं. यात थंडाव्यासाठी जादा सोडलेलं पेट्रोल धरलेलं आहे. तुमचं १५५ एनएम साडेपाच हजारांवर टिकलं तर १२० बीएचपी होतात, आपण १३० धरू. मिनिटाला ७९३ सीसी, चार इंजेक्टरना वाटले की प्रत्येकी १९८. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून भागिले ०.८, आले २४८. हे साध्या पेट्रोलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला ई२० जास्त लागतं. साध्या पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० चं साडेतेराच्या आसपास, म्हणजे ९ टक्के वाढ. २७०. तुम्हाला हवेत ३ बारला ३०० सीसीचे इंजेक्टर. मागे-पुढे २० चालेल.

आता मूळ इंजेक्टर ठेवून दाब चढवायचा सल्ला बघा. ८५ बीएचपीच्या इंजिनाला कंपनीने साधारण १६० सीसीच्या घरातले इंजेक्टर दिलेले असणार, जास्त देऊन त्यांना काय मिळणार? प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. १६० चे २७० करायचे तर दाब २.८५ पट, म्हणजे साडेआठ बार. एवढ्या दाबाला टाकीतला पंप जवळजवळ काहीच ढकलत नाही, इंजेक्टरची सुई उचलत नाही आणि जुन्या होज उडतात. हा जुगाड ईसीयू बदलता येत नव्हता तेव्हाचा. तुमच्याकडे स्पीडुइनो आहे, तुम्हाला त्याची गरजच नाही.

५५० सीसीवाल्यांचा प्रश्न उलटा आहे. वरती भरपूर, खाली संकट. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) हे इंजिन तासाला ०.७ लिटर पितं असं धरा. ८५० आरपीएमवर एका सिलिंडरला एका चक्रात (क्रँकच्या दोन फेऱ्यांत) ०.००७ सीसीही लागत नाही. ३०० चा इंजेक्टर तेवढं १.४ मिलिसेकंदात देतो, ५५० चा ०.७५ मध्ये. आणि तुम्ही कॅम सिग्नल न लावता एका चक्रात दोनदा फवारणी ठेवली तर त्याचंही अर्धं. एवढ्या कमी वेळात सुई पूर्ण उचललीच जात नाही, प्रत्येक इंजेक्टर वेगळं देतो. आयडल डोलते, थंडीत प्लग ओले होतात, क्लच सोडताना गाडी हुंदके देते, आणि मग लोक क्लचला शिव्या देतात.

वापरलेले ५५० बरेचदा कमी ओहमचे निघतात. मल्टिमीटर लावा: १२ ते १६ ओहम आले तर स्पीडुइनोला सरळ जोडा. २ ते ४ आले तर प्रत्येकाला रेझिस्टर लागतो, नाहीतर ड्रायव्हर जळतो.

घ्याल ते इंजेक्टर बसवण्यापूर्वी मोजून बघा. मोकळ्या अंगणात, ठिणगीपासून लांब, अग्निशामक हाताशी ठेवून. रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) बाहेर काढून चार काचेचे मेजरिंग सिलिंडर खाली धरा, ३ बारवर ३० सेकंद पूर्ण उघडे ठेवा. ३०० वाल्याने १५० मिली द्यायला हवं. चौघांत जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांत ७ मिलीपेक्षा फरक असेल तर साफ करून परत मोजा, तरी जुळलं नाही तर परत करा. तीन नंबरचा इंजेक्टर दहा टक्के कमी देत असला तरी एक्झॉस्टमधला सेन्सर चौघांची सरासरीच दाखवतो. आकडा बरोबर दिसतो आणि तिसरा पिस्टन वितळतो. शिवाय फवारा बघा: शंकूसारखा बारीक हवा, पिचकारीसारखी धार नको. दाब तसाच ठेवून बंद केल्यावर मिनिटभरात थेंब पडता कामा नये.

पंप. तुमची गरज ई२० धरून मिनिटाला ८६५ सीसी, म्हणजे तासाला ५२ लिटर, तीही साडेतीन बारला, कारण अर्धा बार बूस्टला रेग्युलेटर रेलचा दाब ३ वरून ३.५ नेतो. जुनं होणं, गरम पेट्रोल, पडलेलं व्होल्टेज धरून साडेतीन बारला ९० ते १०० लिटर देणारा पंप घ्या. २५५ लिटरचा घेतलात तर उरलेले दोनशे लिटर सतत बारीक रिटर्न पाइपमधून परत जाणार. मूळ पाइपला ते पेलत नाही, आयडलला रेलचा दाब ३ च्या खाली येतच नाही, आणि टाकीतलं पेट्रोल तापत राहतं.

पंप चांगला आहे की नाही हे रिटर्न लाइन काढून डब्यात धरून कळतं. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीला सायकलचा गेजवाला पंप लावून अर्धा बार भरा. रेलचा गेज ३ वरून ३.५ ला गेला पाहिजे. नाही गेला तर रेग्युलेटरचा पडदा गेला. नळीत पेट्रोलचा वास आला तरी तेच. तसाच दाब धरून ३० सेकंद डब्यात सोडा: ७५० मिलीच्या वर आलं तर पंप पुरतो. ही चाचणी चार्जर लावून साडेतेरा व्होल्टवर करा. पंपाच्या टोकाला व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वीस वर्षांची वायर सोडून द्या. बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि २.५ चौरस मिमीची नवी वायर ओढा.

ती व्हॅक्यूम नळी क्लिप लावून बसवा. मूळ गाडीत ती फक्त ओढ घेते, इथे तिला दाब सोसायचा आहे. ती निघाली की बूस्टमध्ये इंजेक्टरवरचा खरा दाब ३ चा २.५ होतो, पेट्रोल ९ टक्के कमी, आणि तेही नेमकं पूर्ण ताकदीला.

निपाणी_१३००

उद्यमबाग आणि इंजेक्टर, दोघांचे मनापासून आभार. ५५० चा विषय संपला, पंपही लहानच घेतो. प्लेट मोजली, बाहेरून १९०, रिव्हेटच्या वर फेसिंग जेमतेम ०.६ मिमी उरलंय. फ्लायव्हीलला पायरी आहे.

दोन शंका राहिल्या. इंधनाच्या होजला दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणतो. आणि एक्सपी९५ (९५ ऑक्टेनचं पेट्रोल) निपाणीत मिळतं, पण चोर्ल्याकडे गेल्यावर जांबोटीच्या पुढे काय मिळेल ते भरायचं, तर ट्यूनिंग कशावर करू?

इंजेक्टर_बेंच

होज सारख्या नसतात. बाहेरच्या लाइनला एसएई जे३० आर९ छापलेली घ्या, छाप होजवरच असते. टाकीच्या आत पंपाला लागणारा तो चार इंचांचा तुकडा मात्र आर१० चा हवा. आर९ आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. टाकीत बुडाली की बाहेरचा थर फुगून लिबलिबीत होतो, एक दिवस होज फाटते आणि पंप टाकीतच पेट्रोल फिरवत बसतो. रेलवर दाब येत नाही आणि सगळे पंप बदलत सुटतात. इंजेक्टरच्या ओरिंग व्हिटॉन रबराच्या घाला. २००३ ची टाकी आहे, ई२० आतला जुना चिकटा सोडवतं, तेव्हा पहिल्या ५०० किमीला फिल्टर बदला, मग २००० ला परत.

ट्यूनिंग नेहमी मिळेल त्यातल्या वाईट पेट्रोलवर करा. एक्सपी९५ वर टाइमिंग पुढे घेऊन ठेवलं आणि घाटात साधं भरलं की साडेनऊ कॉम्प्रेशनवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) ठरलेलं. ९५ भरलंत तर ती तुमची राखीव सुरक्षा समजा. सुरुवातीला दर ०.०७ बार बूस्टला इग्निशन एक अंश मागे, प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७.

आपल्या जिल्ह्यातल्याच उसाचं इथेनॉल त्यात आहे, पण पंपावर नेमकं किती आलं ते तपासता येतं. १०० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर घ्या, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, हळूच वाफ सोडा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर २८ मिलीवर आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे ९० त २० टक्के. मिलीभर इकडे-तिकडे होतं, पण ई१० आणि ई२० तला फरक डोळ्यांना स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत ओलावा शिरला की हेच टाकीत होतं, आणि पंप खालचा थर आधी ओढतो.

वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावलाच असेल, नसेल तर त्याशिवाय बूस्ट देऊ नका. आकडा लॅम्डात वाचा: १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर जुळलेलं, त्याखाली पेट्रोल जास्त. बूस्टमध्ये ०.८० ते ०.८२. १४.७ च्या पट्टीवर गेज ठेवलंत तर ०.८० ला ११.८ दाखवेल, मग आत ई२० असो नाहीतर साधं, सेन्सरला फक्त लॅम्डा कळतो.

तवंदी_वळण

टाकी पाव भागाच्या खाली घाटात नेऊ नका. डाव्या-उजव्या वळणांत पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो, आणि हे नेमकं बूस्टमध्ये होतं. मूळ इंजिन एक गचका देऊन सावरतं, टर्बोवालं सावरत नाही. ऑटोक्रॉससाठी एक-दीड लिटरचा स्वर्ल पॉट (पंपाला हवा न लागू देणारी छोटी टाकी) लावणं उत्तम.

आणि केपी३५ चा, बूस्टची मर्यादा ठरवणारा, अॅक्च्युएटर तसाच ठेवलाय का? तो डिझेलचा आहे, अर्ध्या बारच्या बऱ्याच वर उघडतो. गाडी चालवायच्या आधी त्याला हवा देऊन बघा, दांडी कितीला हलते ते. ०.५ ला हलली पाहिजे. नाहीतर मऊ स्प्रिंगचा बसवा. डिझेलचं टर्बाइन पेट्रोलच्या एक्झॉस्टएवढ्या तापमानासाठी नसतं हेही लक्षात असू द्या. लांब चढावर सतत पूर्ण पाय नको, लीन (पेट्रोल कमी) तर अजिबात नको.

सीमा_आरटीओ

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. २००३ च्या गाडीला पुनर्नोंदणीच्या वेळी फिटनेस द्यावा लागतो, त्यात हे अडतं. अपघातात विमा कंपनीही हात वर करू शकते. गाडी केए-२३ असो वा एमएच-०९, कोगनोळीच्या दोन्ही बाजूंना कायदा तोच. बंद मैदानावर ट्रेलरवरून नेणं हा सरळ मार्ग आहे.

उद्यमबाग_टर्नर

०.६ म्हणजे संपलीच प्लेट, ०.५ ही मर्यादा. ट्यूनिंगलाही ती ठेवू नका, एकदाच गिअरबॉक्स उतरवा. पायरी आहे म्हणता, तर वर लिहिलेलं दोन्ही तोंडांचं परत एकदा वाचा आणि ग्राइंडरवाल्याला कागदावर लिहून द्या.

कव्हरचे बोल्ट एम८, ८.८ ग्रेडचे असतील तर २३ ते २५ एनएम, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा करत. एकाच बाजूने आवळलं की कव्हरचा पत्रा वाकतो. प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर सोनं, नाहीतर नायलॉनचा दांडा लेथवर काढून घ्या. स्प्लाइनवर ग्रीस लावून पुसून घ्या, चमक राहील एवढंच. जास्तीचं फिरताना उडून फेसिंगवर जातं.

मग ५०० ते ८०० किमी शहरात, बूस्टविना. हायवेचे किमी यात धरायचे नाहीत, कारण तिथे क्लच चालतच नाही. धरा-सोडा जितक्या वेळा होईल तितकं फेसिंग बसतं. नंतर चौथ्या गिअरला, सपाट मोकळ्या रस्त्यावर, अडीच हजारांवरून पूर्ण पाय द्या आणि स्पीडुइनोच्या लॉगमध्ये आरपीएम बघा. रेष सरळ चढली तर क्लच धरतोय. बूस्ट भरतो तिथे रेष एकदम उभी झाली तर घसरतोय, लगेच पाय काढा.

इंजेक्टर_बेंच

त्याच लॉगमध्ये आणखी एक बघून ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९२-९३ केपीए. अॅक्च्युएटर बाहेरच्या हवेच्या वर अर्धा बार मोजतो, म्हणून इथे मॅप १४३ पर्यंत जाईल. चोर्ला उतरून गोव्यात गेलात की तोच अॅक्च्युएटर १५१ देणार. सहा टक्के जादा हवा, एकही पाना न फिरवता. इथे बसून ईसीयूतलं टेबल (कोणत्या दाबाला किती पेट्रोल याचं कोष्टक) १४५ पर्यंतच भरलंत तर खाली गेल्यावर ईसीयू शेवटच्या रांगेवर अडकून बसतो आणि गाडी लीन होते. पेट्रोल आणि इग्निशन दोन्हीची टेबलं १६० पर्यंत भरा, वरच्या रांगा इथल्या चढत्या रेषेवरून पुढे ओढून, इग्निशन आणखी दोन अंश मागे ठेवून. बूस्ट कट, म्हणजे ईसीयू इंजिन तोडतो ती मर्यादा, १६५ ला.

निपाणी_१३००

हे कुठेच वाचलं नव्हतं. माझं टेबल १५० ला संपतंय. आज रात्री वाढवतो. ३०० चे इंजेक्टर, बारा ओहमचे, सांगून ठेवलेत. फ्लायव्हील शुक्रवारी ग्राइंडरला देतोय, पायरी मोजून कागद सोबत. अॅक्च्युएटरला कॉम्प्रेसर लावून बघितला, ०.५ ला दांडी जागची हलली नाही, स्प्रिंग बदलायलाच लागणार.